यादीतली २,४०० पाने आणि एक अपुरे अर्काइव्ह: बेळगावच्या एका वाचनालयाचे प्रकरण

(वाचनालयाची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कमांड आणि त्यांचे पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत; टर्मिनलवर ते रोमन लिपीत टाइप करायचे.)

पार्श्वभूमी

बेळगाव शहरातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाकडे सीमाभागातल्या पत्रकांचा, निवेदनांचा आणि स्थानिक साप्ताहिकांच्या सुट्या अंकांचा मोठा संग्रह आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. संग्रहातला बहुतेक कागद त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतला. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला त्या १९६७ सालची पत्रके त्यात विशेष भरपूर. कार्यकर्त्यांनी सवडीसवडीने हे सगळे स्कॅन केले आणि साधारण १९,००० जेपीईजी फाइली जमल्या. एकेक पान ४ ते ५ एमबीचे.

मांडणी साधी होती. 'स्कॅन' या फोल्डरात बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी असे चार फोल्डर, नावे रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत. त्यांच्या आत सालवार फोल्डर. फाइलींची नावे मात्र देवनागरीत, कारण स्कॅन करणाऱ्याने पत्रकाचे शीर्षकच नाव म्हणून टाइप केले: 'खानापूर तालुक्यातील शेतकऱ्यांचे निवेदन पान ०३' अशा धर्तीवर. कोणी इनस्क्रिप्ट कळफलक वापरला, कोणी फोनेटिक. पडद्यावर सगळी नावे सारखीच दिसत. मशीन उबुंटूचे, म्हणजे लिनक्सवर चालणारे, डिस्क एक्स्ट४ या लिनक्सच्या पद्धतीची.

मागणी आणि पहिला प्रयत्न

कोल्हापूरच्या एका संशोधिकेने शेतसारा, जमीन आणि तंबाखूच्या व्यापाराशी संबंधित पाने मागितली. १९,००० मधली सुमारे २,४००, म्हणजे अंदाजे ११ जीबी. इंटरनेटवरून पाठवणे त्या जोडणीवर व्यवहार्य नव्हते. कोल्हापूरला जाणाऱ्या माणसाबरोबर पेन ड्राइव्ह देणे सोपे.

संगणक सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याने फाइंड (फाइली शोधणारी) आणि ग्रेप (शब्दावरून गाळणारी) या कमांड वापरून विषयवार नावांची यादी केली, एका ओळीत एक नाव. मग ती यादी एक्सआर्ग्जमधून (यादीतली नावे दुसऱ्या कमांडला पुरवणारी कमांड) टारला (अनेक फाइलींची एकच गठ्ठा-फाइल, म्हणजे अर्काइव्ह, बनवणारी कमांड) दिली: एक्सआर्ग्ज -डी '\एन' टार -सीझेडएफ निवड.टार.जीझेड. नावांमध्ये मोकळ्या जागा आहेत हे ओळखून त्याने ओळ हाच विभाजक ठरवला होता. म्हणजे नेहमीची चूक त्याने टाळली होती. कमांड संपली, त्रुटीचा एकही संदेश आला नाही, एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) शून्य, म्हणजे सगळे ठीक. तयार झालेली फाइल जवळपास २ जीबीची होती. ११ जीबीचे २ जीबी झाले, कॉम्प्रेशन चांगले झाले, असे समजून ती पेन ड्राइव्हवर गेली.

प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच, आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही. जेपीईजीमधला मजकूर आधीच दाबलेला असतो. टारच्या 'झेड' पर्यायाने होणारे जीझिप हे कॉम्प्रेशन त्यातून फार तर एक-दोन टक्के वाचवते. जेपीईजींचे अर्काइव्ह मूळ आकाराच्या पाचव्या भागाइतके झाले असेल तर फाइली गळल्या आहेत, दुसरे कारण संभवत नाही.

बिघाड कसा उघड झाला

कोल्हापूरहून निरोप आला: "सर, फाइल उघडली. पण यात शेवटच्या भागातलीच पानं आहेत. बाकीची वेगळी पाठवणार आहात का?"

कारण एक्सआर्ग्जच्या कामाच्या पद्धतीत होते. एक्सआर्ग्ज मिळालेली सगळी नावे एकाच कमांडला देत नाही. ग्नू एक्सआर्ग्ज साधारण १२८ किलोबाइट भरले की तेवढ्या नावांवर कमांड चालवते, मग पुढच्या तुकडीसाठी तीच कमांड पुन्हा. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे ही मर्यादा मराठी नावांना लवकर गाठते. इथली नावे मार्गासह सरासरी २०० बाइटची होती. म्हणजे एका तुकडीत सुमारे ६५० नावे आणि टार एकूण चार वेळा चालले. टारच्या 'सी' पर्यायाचा अर्थ 'नवे अर्काइव्ह तयार कर' असा आहे. प्रत्येक फेरीत आधीचे पुसून त्याच नावाने नवे लिहिले गेले. उरली ती चौथ्या तुकडीतली सव्वाचारशेच्या आसपास पाने.

हा बिघाड घातक आहे, कारण चारही फेऱ्या स्वतंत्रपणे यशस्वी होतात. पन्नास फाइलींवर चाचणी घेतली तर सगळे बरोबर निघते, यादी मोठी झाली की गळती सुरू होते. नावे रोमन आणि आखूड असती तर हीच कमांड याहून कितीतरी लांब यादीपर्यंत निभावून गेली असती.

दुसरी यादी

पुन्हा पाठवायचेच आहे तर नेमकी पाने मी सांगते, असे म्हणून संशोधिकेने स्वतःची यादी पाठवली. वाचनालयाने तिला पूर्वी दिलेल्या सूचीवरून तिने ती विंडोजवर स्प्रेडशीटमध्ये तयार केली होती. काही नावे सूचीतून उचललेली, काही हाताने टाइप केलेली.

कार्यकर्त्याने आता एक्सआर्ग्ज सोडून टारचा फाइल्स-फ्रॉम हा पर्याय घेतला. त्यात टार यादी स्वतः वाचते, तुकड्या पडत नाहीत. पण पडद्यावर 'अशी फाइल नाही' या अर्थाच्या संदेशांची रांग लागली. एकही फाइल सापडली नाही.

यादीत तीन-चार दोष एकावर एक बसले होते. ते एकेक करून सोलावे लागले.

पहिला दोष ओळीच्या शेवटी. विंडोजवर ओळ दोन चिन्हांनी संपते, कॅरेज रिटर्न आणि नवी ओळ. लिनक्स फक्त नवी ओळ विभाजक मानते, त्यामुळे कॅरेज रिटर्न नावालाच चिकटून राहते. त्रुटीच्या संदेशात नावाच्या शेवटी '\आर' दिसले की हेच समजावे. स्प्रेडशीटने यूटीएफ-८ म्हणून जतन करताना यादीच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची बीओएम ही न दिसणारी खूणही घातली होती, तिचा फटका फक्त पहिल्या नावाला बसतो. डॉस-टू-युनिक्स ही कमांड दोन्ही काढते. बाकी सगळी यादी सुरळीत आणि फक्त पहिली फाइल सापडत नाही, असे झाले तर आधी बीओएम तपासा.

दुसरा दोष मार्गातल्या रेषांचा. विंडोजने फोल्डर वेगळे करायला बॅकस्लॅश वापरला होता. लिनक्सवर तो विभाजक नाहीच. शिवाय टार यादीतली नावे वाचताना बॅकस्लॅशच्या जोड्यांचा अर्थ लावते. 'स्कॅन\निपाणी' हा मार्ग रोमन लिपीत लिहिला की बॅकस्लॅशपुढे 'एन' येतो, आणि टारला ती नवी ओळ वाटते. बेळगावच्या फोल्डरात बॅकस्लॅशपुढे 'बी' येतो, ते झाले बॅकस्पेस. खानापूर आणि चिकोडी यांच्या पहिल्या अक्षरांना तसा अर्थ नाही, म्हणून तिथला बॅकस्लॅश तसाच राहिला. सालाचे आणखी वेगळे: '\१९६७' मधला १ हा अष्टमान (फक्त ० ते ७ असलेल्या पद्धतीतला) अंक धरला गेला, पुढचा ९ अष्टमानात नसल्यामुळे तिथे थांबून टारने त्याचे एक नियंत्रण चिन्ह केले.

गोंधळ वाढवणारी बाब अशी की त्रुटी दाखवताना टार नवी ओळ पुन्हा '\एन' अशीच छापते. निपाणीचा फोल्डर यादीत दिसतो तसाच पडद्यावर दिसतो, आणि नाव तर बरोबर आहे, फाइलही डिस्कवर आहे, मग सापडत का नाही, असे वाटत राहते. खरा धागा सालात मिळाला. संदेशात '\१९६७' ऐवजी '\००१९६७' छापलेले होते. ही दोन शून्ये पाहिल्यावर कार्यकर्त्याने टीआर या चिन्हे बदलणाऱ्या कमांडने सगळ्या बॅकस्लॅशचे फॉरवर्ड स्लॅश (/) केले. टारला 'नो-अनकोट' पर्याय दिला तर ती असा अर्थ लावणे थांबवते, पण बॅकस्लॅश तसाच राहिला तर लिनक्सला मार्ग कळणार नाहीच. रेषा बदलणे हाच उपाय.

पाय मोडलेला र

एवढे केल्यावर बहुतेक नावे जुळली. सुमारे १४० उरली, आणि त्यातल्या बहुतेकांत 'शेतकऱ्यांचे', 'व्यापाऱ्यांची', 'दुसऱ्या' असे शब्द होते.

मराठीतला ऱ्य संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र चिन्ह, युनिकोडमध्ये यू+०९३१, त्यापुढे हलन्त आणि य. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारे जोडचिन्ह), मग य. डोळ्यांना दोन्ही एकच. पण फाइल सिस्टिम बाइट पाहते, आणि तिच्या लेखी ही दोन वेगळी नावे आहेत. ॲ चेही तसेच. हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी, आणि सवयीने त्यानंतरही, लोक अ, जोडक आणि वरचा चंद्र अशी जुळणी करत आले.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो युनिकोड नॉर्मलायझेशनचा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एकसारखी करण्याचा. तो इथे अर्धाच उपयोगी आहे. त्यातले एनएफसी हे रूप र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) यांची जोडी ऱ मध्ये बदलते, पण जोडकाची रीत आणि ऱ ची रीत ही युनिकोडच्या नियमांत समतुल्य नाहीत. एनएफसी त्यांना हात लावत नाही.

कार्यकर्त्याचा पहिला विचार होता की तुलनेपुरते जोडक काढून टाकावेत आणि ऱ चा र करावा. ग्रंथपालांनी तो थांबवला, आणि बरे केले. तसे केल्यावर 'आचार्यांची' आणि 'आचाऱ्यांची' एक होतात. संग्रहात आचार्य विनोबा भावे यांच्या अनुयायांची भूदानाची पत्रके आहेत, तशी लग्नकार्यातल्या आचाऱ्यांच्या मजुरीची एक मागणीही आहे. नियम उलट दिशेने हवा: र, हलन्त आणि जोडक ही तिकडी दिसली की तिचे ऱ आणि हलन्त करायचे, साधा र्य तसाच ठेवायचा. मराठी नावांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा नियम जवळ ठेवावा असा आहे.

पायथनच्या छोट्या स्क्रिप्टने डिस्कवरच्या प्रत्येक नावाची या नियमाने एक तुलना-किल्ली बनवली, यादीतल्या नावांचीही बनवली, आणि किल्ली जुळली की डिस्कवरचे खरे नाव, बाइटसह जसेच्या तसे, नव्या यादीत लिहिले. डिस्कवरच्या एकाही फाइलीचे नाव बदलले नाही. एकाच किल्लीला दोन फाइली लागल्या तर स्क्रिप्टने स्वतः निवड करायची नाही, ओळ बाजूला काढायची.

शेवटी दहा-बारा नावे उरली. काहींत संशोधिकेने 'बेळगावी' लिहिले होते, २०१४ पासूनचे सरकारी नाव, आणि फाइलीत 'बेळगाव' होते. काहींत पान क्रमांक चुकला होता. ही फोनवरून, एकेक पान पाहून सोडवली. इतक्या कमी ओळींसाठी आणखी नियम लिहिण्यापेक्षा माणसाला विचारणे शहाणपणाचे.

कोणते पर्याय तोलले

शुद्ध यादी हाती आल्यावर प्रश्न उरला अर्काइव्हच्या प्रकाराचा.

अख्खा संग्रह पाठवावा, निवड पलीकडे होईल, असे एकदा सुचवले गेले. ८५ जीबी आणि त्यात काही कुटुंबांनी अभ्यासापुरती दिलेली खासगी पत्रे. तो विचार लगेच मागे पडला.

आधी आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडच्या फाइल्स-फ्रॉम पर्यायाने निवडलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात उतरवायच्या आणि मग तो फोल्डर दाबायचा, ही रीत चांगली आहे. डोळ्यांनी तपासता येते. पण तिला ११ जीबी जादा जागा लागते आणि डिस्कवर ती नव्हती.

टार की झिप, यावर खरी चर्चा झाली. टार नावांची यादी शून्य बाइटने विभागलेली घेऊ शकते, त्यामुळे नावात काहीही असले तरी चालते. विंडोज १० मध्येही २०१८ पासून टार कमांड आहे. पण संशोधिका टर्मिनल वापरत नाही, आणि उजवी क्लिक करून उघडेल असेच काही तिला द्यायला हवे होते. दुसरे कारण नुकसानीचे. टार.जीझेडमध्ये मध्येच काही बाइट बिघडले तर तिथून पुढचे सगळे अडकते. झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्र असते, एक गेली तरी बाकी वाचतात. शिवाय झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी असते. कॉपी अर्धवट झाली तर विंडोजवर ती झिप उघडतच नाही, म्हणजे अपुरेपणा लपत नाही. कॉम्प्रेशन न केलेले टार अर्धवट असले तरी बरेचसे उघडते आणि पुन्हा तीच पहिली फसगत होऊ शकते.

वाचनालयाने स्वतःच्या नोंदीसाठी टार आणि पाठवण्यासाठी झिप ठरवले.

काय केले

यादी चार फोल्डरांप्रमाणे चार भागांत विभागली. एकच मोठी झिप न करण्याचे कारण पेन ड्राइव्ह. तो फॅट३२ पद्धतीचा होता आणि त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. एक्सफॅट करून ही अडचण सुटली असती, पण चार भाग असले की एखादा बिघडला तर तेवढाच पुन्हा पाठवता येतो.

विभागण्याआधी दुबार ओळी सॉर्ट -यू ने काढल्या, एलसी-ऑल ही सेटिंग 'सी' ठेवून, म्हणजे तुलना बाइटनुसार होते. ही सेटिंग फक्त त्या एका कमांडपुरती लावायची. सगळ्या टर्मिनलला लावली तर टार देवनागरी नावे तीन-तीन अंकी आकड्यांत छापते आणि पुढची पडताळणी फसते.

मग यादीतली प्रत्येक फाइल खरोखर आहे का, हे अर्काइव्ह बनवण्याआधी एका लूपने तपासले. ही पायरी टाळू नये. टारला एखादी फाइल सापडली नाही तर ती थांबत नाही. संदेश देते, बाकीच्या घेते, आणि शेवटी एक्झिट कोड २ परत करते. अर्काइव्ह तयार झालेले दिसते, कोड कोणी पाहत नाही. या लूपमध्येही एक खाच आहे: यादीच्या शेवटच्या ओळीनंतर नव्या ओळीचे चिन्ह नसेल तर ओळी वाचणारी रीड कमांड ती शेवटची ओळ गाळते, आणि ओळी मोजणारी डब्ल्यूसी -एल एक ओळ कमी मोजते. डॉस-टू-युनिक्सने ते चिन्ह जोडले जात नाही, हाताने जोडावे.

वाचनालयाच्या टारसाठी यादीतली नावे ओळीऐवजी शून्य बाइटने विभागली, आणि कमांड अशी: टार --क्रिएट --फाइल=निवड.टार --नल --नो-रिकर्शन --फाइल्स-फ्रॉम=यादी. पर्यायांचा क्रम महत्त्वाचा आहे, नल आणि नो-रिकर्शन हे फाइल्स-फ्रॉमच्या आधीच यायला हवेत. नलमुळे डॅशने सुरू होणारे नाव पर्याय म्हणून वाचले जात नाही. नो-रिकर्शनमुळे चुकून फोल्डरचे नाव यादीत राहिले तरी अख्खा फोल्डर आत ओढला जात नाही.

झिपसाठी: झिप -० खानापूर.झिप -@, आणि यादी इनपुट म्हणून वळवलेली. '@' म्हणजे नावे इनपुटमधून, एका ओळीत एक. '०' म्हणजे न दाबता ठेवणे. जेपीईजीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. झिप अस्तित्वात असलेल्या अर्काइव्हमध्ये भर घालते, पुसत नाही. पहिल्याच दिवशी एक्सआर्ग्जबरोबर टारऐवजी झिप असती तर गळती झाली नसती. उलट बाजू अशी की जुन्या चाचणीची झिप तिथेच पडली असेल तर तिच्यातल्या फाइली नव्यात राहतात. म्हणून आधीची फाइल काढूनच सुरुवात केली.

पडताळणी दोन बाजूंनी झाली. अनझिप -झेड१ ने झिपमधली नावे काढली, तीही आणि मूळ यादीही सी क्रमाने लावली, आणि कॉम -३ या फक्त फरक छापणाऱ्या कमांडने शेजारी ठेवली. काहीच छापले गेले नाही, म्हणजे ना एक कमी ना एक जास्त. मग अनझिप -टी ने आतला मजकूर तपासला आणि चारही झिपचे एसएचए-२५६ आकडे (फाइल जराही बदलली तर बदलणारे ओळख-आकडे) एका मजकूर फाइलीत लिहून पेन ड्राइव्हवर ठेवले.

निष्पत्ती

पेन ड्राइव्ह कोल्हापूरला पोचल्यावर संशोधिकेने सर्टयुटिल -हॅशफाइल या विंडोजच्या कमांडने चारही आकडे जुळवले. तिच्यासाठी ओळ आधीच लिहून दिली होती, तिने ती फक्त चिकटवली. एक झिप पहिल्यांदा पूर्ण उघडली नाही. विंडोजमध्ये मार्गाची जुनी २६० चिन्हांची मर्यादा अजून अनेक ठिकाणी लागू पडते, आणि ती डेस्कटॉपवरच्या खोल फोल्डरात उघडत होती. डी ड्राइव्हच्या मुळाशी उघडल्यावर सगळी पाने आली.

काय वेगळे करता आले असते

पहिल्याच वेळी अर्काइव्हमधल्या नावांची संख्या यादीतल्या ओळींशी ताडून पाहिली असती तर पेन ड्राइव्ह बाहेरच पडला नसता. त्याला एक मिनिट लागते.

संशोधिकेला मोकळी स्प्रेडशीट देण्याऐवजी सूचीतच एक खूण करण्याचा रकाना दिला असता, तर तिला एकही नाव टाइप करावे लागले नसते आणि ऱ्य चा प्रश्न उद्भवलाच नसता. पुढच्या मागण्यांसाठी वाचनालयाने आता हेच केले आहे.

नव्या स्कॅनसाठी फाइलीचे नाव रोमन अक्षरे आणि आकडे यांचा आखूड क्रमांक असेल आणि मराठी शीर्षक सूचीत राहील, असेही ठरले. याला ग्रंथपालांचा सुरुवातीला विरोध होता, आणि त्यांचे म्हणणे वजनदार होते: सूची हरवली तर क्रमांकांच्या ढिगातून काहीच कळणार नाही, आज फोल्डर उघडताच पत्रक कशाबद्दल आहे ते दिसते. म्हणून सूचीची प्रत प्रत्येक सालाच्या फोल्डरात मजकूर फाइल म्हणून ठेवायची, ही अट घालून निर्णय झाला. एक्स्ट४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे, मात्रा आणि हलन्त धरून. लांब शीर्षके आधीच तुटत होती, हेही कारण होते.

जुन्या १९,००० फाइलींची नावे बदलायची का, हे अजून ठरलेले नाही. काही अभ्यासकांनी आपल्या टिपांमध्ये ती नावे जशीच्या तशी उद्धृत केली आहेत. तोपर्यंत तुलना-किल्लीची स्क्रिप्ट त्या मशीनवर आहे, आणि तिच्या पहिल्या ओळीत आचार्य आणि आचारी यांची टीप लिहिलेली आहे.